आवाज देणाऱ्याचं नाव पण दाखवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

सुट्टी लागल्यापासून आमच्या घरात दिवसभर मराठीतलं कार्टून चालू असतं. परवा त्यातल्या एका म्हाताऱ्याचा आवाज इतका भारी वाटला की म्हटलं शेवटी नाव वाचूनच उठायचं, तर नावं सुरू झाली न झाली तोच जाहिरात. मराठी आवाज कोणाचा ते कुठंच नाही. लई वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

९६-९७ साली आम्ही अशोक चौकाच्या मागं राहायचो, घरात टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंच्या खिडकीशी उभं राहून कार्टून नेटवर्क बघायचो आणि मी सगळ्यात बुटका, त्यामुळं चित्र थोडं आणि आवाजच जास्त, त्यात पाठीमागं यंत्रमागांची खडखड. इंग्लिश एक अक्षर कळायचं नाही. पण आत्ता ससा बोलतोय का बदक का तो लाल मिशांचा चिडका हे मी न बघता सांगायचो. आपल्याकडं एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं कानावर पडतं, आवाजावरनं माणूस ओळखायची सवय लागतेच. मला वाटायचं आत आठ-दहा जण बसलेत. मोठेपणी कळलं, माणूस एकच, अमेरिकेचा आवाज-कलाकार मेल ब्लँक!

ससा बग्ज बनी, बदक डॅफी डक, ट्वीटी, बोका सिल्वेस्टर, तोतरा पोर्की, सगळे त्याचेच. डॅफी आणि सिल्वेस्टर दोघं ‘स’ म्हणताना थुंकी उडवतात, डॅफीचा आवाज तर रेकॉर्ड करून नुसता फास्ट केलेला, तरी बदक ते बदक आणि बोका तो बोका, कारण दोघांचा स्वभावच वेगळा उतरलाय. सशासाठी खरं गाजर कचाकचा चावायचा आणि पुढचं वाक्य बोलता यावं म्हणून थुंकून टाकायचा. १९६१ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या गाडीचा भयंकर अपघात झाला, कित्येक दिवस शुद्ध नाही, काही केल्या बोलेना, शेवटी डॉक्टरनं विचारलं, बग्ज बनी, आज कसं वाटतंय? तर उत्तर आलं सशाच्याच आवाजात! पुढं घरी प्लॅस्टरमध्ये पडल्या पडल्या त्यानं फ्लिंटस्टोन्स या कार्टूनमधल्या बार्नीचं रेकॉर्डिंग केलं.

आणि या माणसालासुद्धा पडद्यावर नाव मागूनच मिळालं. पगारवाढ मागितली, कार्टून स्टुडिओच्या मालकानं दिली नाही, मग निदान नाव तरी टाका म्हणाला आणि तिथून त्याचं नाव दिसायला लागलं. १९४० च्या दशकातली गोष्ट ही! आपल्या मराठी डबिंगवाल्यांना आजपण तेवढं मिळू नये?

चॅनलवाल्यांना विनंती, शेवटी अर्धा मिनिट नावं दाखवा, वाचता येतील अशी. आणि साहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत या कलाकारांच्या मुलाखती घ्या ना. त्या म्हाताऱ्याच्या आवाजवाल्यापासून सुरुवात केली तर फार बरं होईल.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर