निंबाखालचा लॅपटॉप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला घरून काम करण्याविषयीचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपलंच काही चुकतंय. सोबतचा फोटो तर घरातल्या सगळ्यांनी पाहिला. धुऱ्यावर निंबाचं झाड, झाडाखाली बाज, बाजेवर मांडी घालून बसलेला तरुण, मांडीवर लॅपटॉप, बाजूला पाण्याचा तांब्या, पाठीमागे कापसाची फुटलेली पऱ्हाटी. माझ्या सुनेनं तो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "मामाजी, यानं चार्जर कुठं लावला असेल?"

लेखकावर राग नाही. चांगल्या मनानंच लिहिलं असेल. गावात राहून पुण्याचा पगार मिळतो, घरभाडं वाचतं, दिवाळीत ट्रॅव्हल्सवाला मागेल ते द्यावं लागत नाही, नातवंडं डोळ्यापुढे वाढतात, सगळं खरं आहे. २०२० च्या मार्चमध्ये मुलगा आणि सून आठ दिवसांचे कपडे घेऊन पुण्याहून आले ते इथलेच झाले. मुलानं पुढे यवतमाळला नोकरी धरली, रोज चाळीसेक किलोमीटर जाणं-येणं करतो. सून अजून त्याच पुण्याच्या कंपनीत आहे, आमच्या माजघरात बसून. मागल्या वर्षी माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सून घरी नसती तर आमचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते. तेव्हा फायदे काय ते मला लेखातून कळायला नको होते.

माझी तक्रार 'अडचणी किरकोळ आहेत' या एका वाक्याची आहे. किरकोळ! त्यातली एक आधी सांगतो.

गेल्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. दुपारी तीनला सुनेची परदेशातल्या गिऱ्हाइकाबरोबर बैठक होती. पंधरा दिवसांपासून तयारी चाललेली. नेमकी त्या दिवशी सकाळी नऊलाच लाइन गेली. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडाला होता. लाइनमनला फोन केला तर तो दुसऱ्या गावी खांबावर. "गुर्जी, इकडलं झालं का येतोच." इन्व्हर्टर एक वाजेपर्यंत पुरला. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवली, तर दोनच्या सुमारास टॉवरचीही बॅटरी बसली आणि रेंज गेली. पंचायतीपर्यंत फायबर आलेलं आहे, पण तिथून आमच्या दारापर्यंतची तार नळाच्या खोदकामात जेसीबीनं दोनदा तोडली. पहिल्यांदा जोडून दिली, दुसऱ्यांदा कोणी फिरकलंच नाही.

अडीचला सून बाहेर आली. तोंड उतरलेलं. "मामाजी, जिनिंगवर जनरेटर आहे नं?"

मी गाडी काढली. ती मागे, लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून. जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, गावापासून चार किलोमीटर, मोठ्या रस्त्याला लागून. तिथे वजनकाट्यावर बसणारा बाबू माझा जुना विद्यार्थी. पाढे येत नाहीत म्हणून त्याला मी सातवीत बाकावर उभा केला होता, आता दिवसभर क्विंटल-किलोच मांडतो. त्यानं काही न विचारता खुर्ची सोडली, पावत्यांचा गठ्ठा सरकवला, वायर लावून दिली. बरोबर तीनला सून 'गुड मॉर्निंग' म्हणाली. पलीकडे लंडनला साडेनऊ वाजले होते.

काट्याची खोली आठ बाय दहाची. खिडकीबाहेर लोखंडी काटा, त्यावर कापसाची ट्रॉली चढली की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरतो. भरलेली ट्रॉली एकदा चढते, खाली करून तीच रिकामी पुन्हा चढते. ट्रॅक्टर चढला की सून आपला आवाज बंद करायची, उतरला की तुटलेलं वाक्य पुन्हा धरायची. मी बाहेर उन्हात उभा राहून ट्रॅक्टरवाल्यांना हातानं थांब, थांब करत होतो, प्रार्थनेच्या वेळी पोरांना करायचो तसा. खोलीत कापूस उडत होता, सुनेच्या केसांवर बसत होता, झटकायची सोय नाही कारण कॅमेरा चालू. खिडकीशी पाच-सात शेतकरी जमले. चाळीस मिनिटं एकही जण खाकरला नाही.

बैठक संपली तसं त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. "गुर्जी, सूनबाईनं भाव किती सांगतला?"

मी म्हटलं, बाबा, हा कापसाचा सौदा नव्हे, कॉम्प्युटरचं काम आहे.

त्याला काही ते पटलं नाही. "मंग येवढा वेळ कायले बोलून रायल्या होत्या?"

तेव्हा हसलो. मार्चमध्ये सुनेच्या वर्षभराच्या कामाचा शेरा आला तेव्हा हसू आलं नाही. काम उत्तम, वेळेत, सहकार्याची वृत्ती वगैरे लिहून झाल्यावर खाली एक ओळ: बैठकीत पाठीमागे वाहनांचे आवाज, कामाच्या जागेची शिस्त सुधारावी. पगारवाढ इतरांच्या निम्मी. थंडगार खोलीत बसून हे लिहिणाऱ्या साहेबाला डीओ म्हणजे काय हे कोण सांगणार? मीही तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले आहेत. वस्तीवरच्या पोराच्या नावापुढे 'उशिरा येतो' लिहिण्याआधी नाल्याला पाणी होतं का, एवढं तरी मी विचारत होतो.

लेखात भारतनेटचं कौतुक आहे. २०११ साली ही योजना दुसऱ्या नावानं मंजूर झाली, पुढे भारतनेट झाली, अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायचं ठरलं, २०२३ साली आणखी १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाले. मला पाठ आहे, स्पर्धा परीक्षेच्या पोरांकडून मीच घोकून घेतो. पण पंचायतीत बसून कोणी घरून काम करत नाही हो. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या सुनेनं स्वतःच्या पगारातून घेतल्या. दुकान चालवत असती तर धंद्याचा खर्च म्हणून दाखवल्या असत्या. नोकरदाराला नव्या करपद्धतीत ७५ हजारांची सरसकट वजावट, मग तो कूलरखाली बसो की काट्यावर.

लाइन एकवेळ येते तरी. माणसांचं काय करायचं?

सून घरी आहे म्हणजे रिकामी आहे, असं आमच्या आळीचं पक्कं मत आहे. कोणाला लाडक्या बहिणीची केवायसी करायची, कोणाला ई-पीक पाहणी, कोणाला सातबारा, कोणाच्या पोराचा फॉर्म. सकाळी दहाला ओसरीवर चार बाया येऊन बसलेल्या. "दोन मिन्टाचं काम हाये माय, तू तं घरीच असते." ओटीपी येत नाही आणि बाई उठत नाही. नाही म्हटलं तर शिकलेली म्हणून माजली, आणि हो म्हटलं तर तिकडून पुण्याचा माणूस विचारतो, दहा मिनिटं कुठे होता?

मीही त्यातलाच, लपवत नाही. एकदा बनियनवर, हातात चहाचा रिकामा कप घेऊन सरळ माजघरात शिरलो आणि विचारलं, "सूनबाई, माझा चष्मा दिसला का?" पडद्यावर अकरा माणसं होती. त्यातल्या एकानं मला नमस्कार केला. चष्मा माझ्या कपाळावर होता. माझ्या वर्गात हेडमास्तरसुद्धा दार वाजवून येत, आणि तिच्या कामाच्या जागेला दार आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं. आता वाजवतो. नातू मात्र चार वर्षांचा आहे, तो लाटण्यानं वाजवतो.

'महिलांसाठी सुवर्णसंधी' अशी एक चौकटही तुम्ही छापली आहे. २०१७ ची मातृत्व लाभ कायद्याची दुरुस्ती त्यात आहे: २६ आठवड्यांच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालकाशी जमलं तर बाईला घरून काम करता येईल. नातू झाला तेव्हा आम्हालाही फार बरं वाटलं होतं. पुढे त्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी आपापल्या सोयीनं लावला. कंपनीनं समजून घेतलं की ही रात्री नऊलाही मिळेल. आम्ही समजून घेतलं की ही दुपारी भाकरीही टाकेल. तिचा दिवस साडेपाचला सुरू होतो. चौकटीत ते बसलं नसावं.

लेखकमहाशयांना माझं निमंत्रण कळवा. मे महिन्यात आठ दिवस या. जेवायला घालू, कूलरला वाळ्याच्या ताट्या नवीन लावू. पारा ४५ वर जाऊन लाइन गेली की त्यांनी आपला लॅपटॉप घेऊन निंबाखाली बाजेवर बसावं. फोटो मी काढीन.

जाता जाता आणखी एक. आपल्या पाचव्या पानावर बाजार समित्यांचे भाव येत असत. दोन महिन्यांपासून ते गायब आहेत आणि त्या जागी राशिभविष्य दुप्पट मोठं झालं आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण प्रत्यक्ष बाजारात काय चाललंय त्यासाठी इथली माणसं तुमचा अंक बघत. अंक आमच्याकडे अकराच्या एसटीनं येतो, तरी पारावर वाट बघत बसतात. काट्यावरच्या त्या म्हाताऱ्याची रास कोणती ते मला माहीत नाही. परवा भेटला तेव्हाही त्यानं भावच विचारला.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ