पदवी कर, पण घरपोच मिळणारी नको

भोसरी, पुणे
14 डिसेंबर 2025

प्रिय सुजाता,

एक एजंट घरबसल्या बीटेक करून देतो म्हणतोय, ते करू का, हा तुझा मेसेज मिळाला आणि लगेच फोन करावासा वाटला. पण तुझी सेकंड शिफ्ट, माझं संध्याकाळचं कॉलेज. आपलं बोलणं दहा मिनिटांत उरकलं असतं आणि महत्त्वाचं राहून गेलं असतं. आज रविवार आहे, सबमिशन नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

इंजिनियरिंगची पदवी करायचं तू ठरवलंस, याचा मला फार फार आनंद झालाय. तंत्रनिकेतनात आपल्या सगळ्यांमध्ये ड्रॉइंग कुणाचं बघायचं, तर तुझं. आणि दुसरी गोष्ट, जी तुला आवडणार नाही पण आधीच सांगते: त्या एजंटला एक रुपयाही देऊ नकोस. रजिस्ट्रेशनचे पाच हजार नाहीत, फॉर्मचे पाचशेही नाहीत.

तो जे सांगतोय ते मी नीट वाचलं. घरबसल्या बीटेक, कॉलेजला जायचं नाही, परीक्षा वर्षातून एकदा, डिप्लोमा असल्यामुळे दोनच वर्षांत पदवी, आणि विद्यापीठ यूजीसीमान्य, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेलं. यातलं शेवटचं खरं असू शकतं, आणि माणसं फसतात ती नेमकी तिथेच. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत असणं वेगळं आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विशिष्ट पद्धतीने चालवायची परवानगी असणं वेगळं. यूजीसीचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे 2020 चे नियम आहेत. त्यात दूरस्थ पद्धतीने जे अभ्यासक्रम चालवता येत नाहीत, त्यात वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर यांच्याबरोबर इंजिनियरिंगही आहे. म्हणजे विद्यापीठ कितीही मोठं असो, पत्राद्वारे बीई किंवा बीटेक द्यायला त्याला मुभाच नाही. एजंट तुला विद्यापीठाचं मान्यतापत्र दाखवील. तू त्याच्याकडे या अभ्यासक्रमाचं एआयसीटीईचं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं, मान्यतापत्र माग. तिथे त्याचं बोलणं थांबेल.

तुला वाटेल, कागदावर नियम असतात, पण एवढे लोक करतात ना! ज्यांनी केलं त्यांचं काय झालं ते ऐक. 2001 पासून चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून इंजिनियरिंगच्या पदव्या दिल्या होत्या, एआयसीटीईची मान्यता न घेता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 3 नोव्हेंबर 2017 ला निकाल लागला. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि एआयसीटीईने घेतलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच त्या पुन्हा ग्राह्य धरायच्या, असं ठरलं. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. विचार कर, त्या पदवीवर कुणाला बढती मिळाली असेल, कुणी घराचं कर्ज काढलं असेल, आणि दहा-बारा वर्षांनी पायाखालची जमीनच गेली. ती बहुतेक नोकरी करणारी, तुझ्यामाझ्यासारखीच माणसं होती. ती कुणाला फसवायला बसली नव्हती, शिकायला बसली होती. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला रात्रभर नीट झोप आली नव्हती.

आता तुमच्या घरात एक प्रश्न नक्की निघेल: मग मोठे मामा कसे इंजिनियर झाले? ते झाले एएमआयई करून, आणि त्यांचं अगदी पक्कं आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही 1920 साली स्थापन झालेली कोलकात्याची संस्था. एएमआयईसाठी तिच्या सेक्शन ए आणि सेक्शन बी अशा परीक्षा असत. नोकरी सांभाळून, स्वतः अभ्यास करून किती तरी डिप्लोमावाले त्या मार्गाने पुढे गेले. पण केंद्र सरकारने ती पात्रता पदवीच्या बरोबरीची धरली ती 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांसाठी. मामांना सांग, त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे, पण आपल्याला आज त्या वाटेने जाता येणार नाही.

मी दूरशिक्षणाला कमी लेखते असं मात्र समजू नकोस. माझ्या आईने चाळिशीनंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं, हे तुला माहीत आहे. नाशिकच्या त्या विद्यापीठाने आमच्या घरात काय बदल घडवला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वयंपाक आटोपून ओट्यापाशीच पुस्तक उघडणारी आई मला अजून दिसते. पण इतिहास आणि मराठी घरी बसून वाचता येतात. आपल्या विषयाचं तसं नाही. आठवतंय, यूटीएमवर, त्या धातू ताणून तपासायच्या यंत्रावर, आपण माइल्ड स्टीलचा तुकडा ताणला होता? ग्राफ चढत चढत गेला, मग मधेच काटा जरा मागे आला, सर म्हणाले, हा यील्ड पॉइंट. मग तुकडा मधोमध बारीक होत गेला आणि फाडकन तुटला, एका बाजूला वाटी आणि दुसऱ्या बाजूला शंकू. पुस्तकात ती आकृती आपण दहा वेळा काढली होती, पण कळली त्या दिवशी. न्यायालयानेही हे म्हटलं, की तंत्रशिक्षणाचा कणा प्रात्यक्षिकात आहे. मला ते मनापासून पटतं. उद्या एखाद्या फिक्स्चरच्या (काम करताना वस्तू पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या) डिझाइनवर तुझी सही असेल आणि त्याच्यासमोर एक पोरगा हात घालून काम करत असेल, तर ती सही प्रयोगशाळेतून शिकून आलेली हवी.

तर खरा रस्ता कोणता, ते सांगते, कारण मी सध्या त्यावरूनच चालतेय. एआयसीटीईने 2023-24 पासून नोकरी करणाऱ्यांसाठी बीटेकचे वेगळे वर्ग सुरू करायला महाविद्यालयांना परवानगी दिली. वर्ग संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, प्रयोगशाळा कॉलेजचीच, परीक्षा विद्यापीठाची. डिप्लोमा असल्यामुळे आपल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षांचं काम. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे कितीतरी जास्त आहे. नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात असावं लागतं; वाळूज ते संभाजीनगर त्यात आरामात बसतं. तशी ही कल्पना जुनीच आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आणि पुण्याच्या सीओईपीमध्ये नोकरदार डिप्लोमावाल्यांसाठी संध्याकाळचे पदवीवर्ग असायचे. आमच्या टूलरूमचे जुने साहेब तिथूनच शिकलेले. मध्यंतरी ती सोय आटत गेली होती, ती परत आली याचं मला खूप समाधान वाटतं.

सगळी कॉलेजं हे वर्ग चालवत नाहीत, आणि जी चालवतात तीही प्रत्येक शाखेत चालवत नाहीत. म्हणून एआयसीटीईच्या संकेतस्थळावर कॉलेजचं चालू वर्षाचं मान्यतापत्र उघडून बघ. त्यात नोकरदारांसाठीच्या जागा शाखेसह लिहिलेल्या असतात. मेकॅनिकल असं स्पष्ट दिसलं तरच पुढे जा. प्रवेशाच्या सूचनांसाठी राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाचं संकेतस्थळ मे महिन्यापासून पाहत राहा. कागदपत्रं आत्तापासून जमव: डिप्लोमाच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अनुभव प्रमाणपत्र, पगारपत्रकं आणि कंपनीचं ना हरकत पत्र. लग्नानंतर नाव बदललंय, तर राजपत्राची प्रतही काढून ठेव. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नेमकं तिथेच अडलं होतं.

ना हरकत पत्रापाशी जरा थांबते, कारण पदवीचं सगळं गणित शिफ्टवर अवलंबून आहे. फिरत्या तीन शिफ्टमध्ये हे जमत नाही, हे मी तुला अनुभवाने सांगते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वर्ग बुडतात, नाइटच्या आठवड्यात वर्गात डोळे मिटतात, आणि हजेरी एकदा घसरली की परीक्षेला बसू देत नाहीत. त्यामुळे प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी तुझ्या क्वालिटीच्या साहेबांशी बोल. जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट तीन वर्षांसाठी माग. नुसतं तोंडी हो म्हणाले तर एचआरकडून मेलवर घे. तू सीएमएम (अचूक मोजमापाचं यंत्र) चालवतेस, पीपीएपीची (नव्या भागाच्या मंजुरीची) कागदपत्रं तूच करतेस, ऑडिटच्या वेळी तुला सुट्टीवरूनही बोलावतात. तुझी गरज त्यांना आहे. मागताना भीड बाळगू नकोस.

आणि आता गणित, म्हणजे एम थ्री, इंजिनियरिंग गणिताचा तिसरा पेपर. तू लिहिलंयस, «एम थ्री मला झेपेल का?» झेपेल. पण तयारी न करता नाही झेपणार. दुसऱ्या वर्षाला थेट गेल्यामुळे पहिल्या वर्षाचं गणित आपल्याकडून सुटतं: आंशिक अवकलन, दुहेरी-तिहेरी संकलन, मॅट्रिक्सचे आयगेन व्हॅल्यूज. वर्गात मात्र ते येतं असं धरूनच लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि व्हेक्टर कॅल्क्युलस सुरू होतं. थर्मो (उष्मागतिकी) आणि स्ट्रेंथ (पदार्थांची ताकद) या विषयांत तू मागे पडणार नाहीस. कारखान्यात रोज जे दिसतं त्याचीच समीकरणं असतात ती. मुलं गळतात ती गणितात.

इथे मात्र दूरशिक्षणाचा पुरेपूर फायदा घे. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमावर व्याख्यानं आहेत, आणि केंद्र सरकारच्या स्वयं पोर्टलवर त्यांचे अभ्यासक्रम सत्रागणिक चालतात. जानेवारीचं सत्र तोंडावर आलंय. गणिताचा 12 आठवड्यांचा एक अभ्यासक्रम निवड. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिला 25 टक्के वजन, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के. एप्रिलमध्ये ती परीक्षा दिलीस की जुलैत वर्गात बसताना तुला कसलीही धास्ती वाटणार नाही. शिवाय, विद्यापीठाने मान्य केलेले स्वयंचे अभ्यासक्रम पुढे पदवीच्या श्रेयांकांतही धरले जातात, त्यामुळे ही सवय वाया जात नाही. ओवी झोपल्यावर रोज पाऊण तास, बस. रविवारी जास्त बसशील तर आठवडाभर बसणार नाहीस, तुला मी ओळखते.

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन पदवीचंही तू विचारलंयस. ती अस्सल आहे, तिच्याबद्दल कसलीही शंका नको. डेटा सायन्सची आहे, आणि 2023 पासून इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचीही आहे; तिच्या प्रयोगशाळेसाठी चेन्नईला जावं लागतं. पण ती बीएस पदवी आहे, बीटेक नाही, आणि तुला मेकॅनिकलच करायचंय. डिझाइनचं वेड असलेल्या मुलीने केवळ घरी बसून होतं म्हणून शाखा बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचं फार लिहीत नाही. फी कॉलेजगणिक बदलते, ती कॉलेजच्याच खात्यात भर आणि पावती घे. प्रवासखर्च आणि संध्याकाळचं खाणं धरायला विसरू नकोस, महिन्याकाठी ते जाणवतं.

घरचं मात्र लिहायलाच हवं. तुझ्या सासूबाई चांगल्या आहेत, पण तीन वर्षं संध्याकाळी सून घरात नाही हे त्यांच्यावर अचानक लादू नकोस. आधी प्रशांतशी बोल, मग दोघांनी मिळून त्यांच्याशी बोला. ओवीचा अभ्यास कोण घेणार, रात्रीचं जेवण कोण बघणार, हे नावानिशी ठरवा. «बघू, होईल काहीतरी» यावर सोडलं तर ते सगळं पुन्हा तुझ्याच अंगावर येतं. आमच्या वर्गात मुली मोजक्याच आहेत, आणि ज्या टिकल्या त्या सगळ्यांच्या घरी कुणीतरी ठामपणे म्हणालं होतं की संध्याकाळचं आमच्याकडे. प्रशांतने हे म्हणायला हवं. हवं तर मी त्याच्याशी बोलते.

हे सगळं कशासाठी, असं तुला दमल्यावर वाटेल. तुझ्या कंपनीत जीईटी (पदवीधर प्रशिक्षणार्थी) म्हणून आलेला मुलगा दोन वर्षांत तुझ्या वर जातो आणि डीईटी (डिप्लोमा प्रशिक्षणार्थी) म्हणून लागलेली तू त्यालाच ड्रॉइंग वाचायला शिकवतेस, हे तूच मला कळवळून सांगितलं होतंस. पदवीने ते बदलेल. शिवाय तिसऱ्या वर्षाला असतानाच गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेला, बसता येतं, आणि पदवीच्या अटीवर अडलेल्या सरकारी अभियांत्रिकी सेवांच्या परीक्षाही तुला देता येतील. पण मला विचारशील तर मी याच्याही आधी दुसरं कारण धरेन. परवा व्हायब्रेशनच्या प्रॅक्टिकलला आमच्या कारखान्यातल्या प्रेसचा थरथराट मला पहिल्यांदा आकड्यांत दिसला. इतकी वर्षं कानाने ओळखत होते, त्याचं कारण समजलं. तो आनंद तुला मिळायला हवा असं मला फार वाटतं.

गुणपत्रिकांचे फोटो मला या आठवड्यात पाठव, टक्केवारी मी काढून ठेवते. संभाजीनगरच्या कॉलेजांची मान्यतापत्रं मीही बघते आणि ज्यांत मेकॅनिकल दिसेल त्यांची नावं कळवते. गणिताची माझी वही कुरियरने पाठवतेय, आंशिक अवकलनापासून सुरुवात कर. पुढच्या रविवारी सकाळी अकराला फोन करते, तोपर्यंत साहेबांशी बोलून ठेव.

काकूंना नमस्कार, प्रशांतला आठवण सांग, ओवीला खूप खूप लाड.

तुझीच,
मीनल