कोजागिरीला भंडारदऱ्याला जायचे आहे

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा कोजागिरीला आपण सर्वांनी भंडारदऱ्याला तंबूत मुक्कामाला जायचे, असे मी ठरवले आहे आणि आगाऊ रक्कमही भरून टाकली आहे. आधी विचारले असते तर ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो’ असे बाबांनी म्हटले असते आणि आई, तूही त्यालाच दुजोरा दिला असतास. म्हणून विचारले नाही, राग मानू नका.

दिवस पुष्कळ विचार करून निवडला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे धुके आणि निसरडे असते, शिवाय सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. दसऱ्यानंतर आईचे घट उठलेले असतील, पाऊस ओसरलेला असेल, आणि डोंगरावरचे लहान ओहळ बारीक झाले तरी रंध्याच्या धबधब्याला प्रवरेचे पाणी असेल. अंब्रेला फॉल मात्र धरणातून पाणी सोडले तरच दिसतो, त्यामुळे तो मी मुलांनाही कबूल केलेला नाही.

तंबू आम्हा चौघांसाठी आहेत. तुमच्यासाठी जलाशयाकाठच्याच घरातली तळमजल्यावरची खोली घेतली आहे. तिथे खाट आहे, कमोड आहे, सकाळी बंबातले गरम पाणी मिळेल आणि जेवायला टेबल-खुर्ची आहे, त्यामुळे बाबांना गुडघा दुमडून खाली बसावे लागणार नाही. जेवण कमी तिखट करण्याविषयी त्या घरच्या मावशींशी मी स्वतः बोलले आहे. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि गाडी रात्रभर दाराशीच राहील.

आई, रंध्याचे नाव काढले की तुझा चेहरा कसा होतो, ते मला ठाऊक आहे. तो सुमारे १७० फुटांचा कडा आहे आणि दादाचा तो दिवस आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. आपण कठड्याच्या आतूनच पाहू, मुलांचे हात मी सोडणार नाही, आणि तुला पाहायचे नसेल तर तू देवळातच थांब. घोरपडादेवीची ओटी मात्र तेव्हापासून राहिली आहे, ती तुझ्याच हातून भरली जावी असे मला फार वाटते.

बाबा, १९२६ साली पुरे झालेल्या त्या दगडी धरणाविषयी तुम्ही मला जे सांगितले होते, ते मी मुलांना सांगायला घेतले की निम्मे विसरते. रुमालाच्या चारही टोकांना गाठी मारून तुम्ही तो माझ्या डोक्यावर बसवला होता आणि धबधब्याचे तुषार उडाले की तुमच्या शर्टाची बाही मी मुठीत घट्ट धरत होते. कळसूबाई ओळखायला मला तुम्ही शिकवलेत. नातवंडांनाही ती तुम्हीच दाखवावी. शिखरावर चढायचे नाही, अंगणातून बोट दाखवले तरी पुरे. रतनवाडीच्या अमृतेश्वरापर्यंत गाडी जाते, तेवढे दर्शन घेऊ आणि सांदण दरीचा विषय या वेळी काढायचा नाही.

आता ऐका. रक्तदाबाच्या गोळ्या दोन जागी ठेवा, एक पुडी आईच्या पर्समध्ये आणि एक माझ्याकडे. काठी घ्यायची, ‘मला लागत नाही’ हे चालणार नाही. जुन्या चपला नकोत, मागच्या महिन्यात घेतलेले बूटच घाला. आई, स्वेटर आणि कानटोपी बाहेर काढून उन्हात टाक. चकल्यांचा घाट घालू नकोस. मसाला दुधासाठी केशर आणि जायफळ मात्र तुझ्याच डब्यातले आण. हा भाग अभयारण्यात येतो, म्हणून स्पीकर आणायचा नाही, हे मुलांना बजावले आहे. अंगणात आईने भुलाबाईची गाणी म्हटली तर तेवढी आम्हाला पुरतील.

आदल्या संध्याकाळी आम्ही ठाण्याहून नाशिकला येऊ आणि सकाळी चहा घेऊन घोटीमार्गे निघू. त्याआधी बाबांनी डॉक्टरांना एकदा दाखवून यावे. प्रवास नको असे त्यांनी सांगितले, तर आपण सगळेच घरी गच्चीवर दूध आटवू, पैशांचा विचार मनात आणू नका. पण तब्येत बरी असताना केवळ आमची अडचण होईल म्हणून नाही म्हणू नका.

तुमची,
छकुली