आभासी भूखंडाचा ताबा न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : खरेदी केलेल्या भूखंडाचा ताबा, फसलेल्या व्यवहाराची गॅस फी (व्यवहार नोंदवण्याचे शुल्क) आणि वॉलेटकडून (डिजिटल पाकिटाकडून) घेतली जाणारी अमर्याद परवानगी यांबाबत.

महोदय,

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र राखल्या जाणाऱ्या सामायिक नोंदवहीवर, चालणाऱ्या आपल्या कंपनीच्या मेटाव्हर्स (आभासी जगाच्या) खेळात मी तीन आठवड्यांपूर्वी खाते उघडले. त्यानंतर आलेल्या अडचणींबाबत मी आपल्या सपोर्ट विभागाकडे दोनदा तक्रार नोंदवली आणि दोन्ही वेळा मला एकच ठरावीक उत्तर मिळाले, की ब्लॉकचेनवरील व्यवहार मागे घेता येत नसल्यामुळे कंपनी त्यात काही करू शकत नाही. माझ्या तक्रारीतील एकाही मुद्द्याला हे उत्तर लागू पडत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी या खेळात मनापासून आले होते. वॉलेट उघडताना ते परत मिळवण्यासाठी दिलेले बारा शब्द कागदावर उतरवून, दोनदा पडताळून मी आपल्या जगात पाऊल ठेवले, त्या पहिल्याच संध्याकाळी चौकात भेटलेल्या एका अनोळखी खेळाडूने मला स्वतः बांधलेला गोल जिना दाखवला. पायरीगणिक एक सूर वाजत होता आणि शेवटच्या पायरीवर दार उघडून आत समुद्राची गाज ऐकू येत होती. दाराला आवाज कसा जोडायचा, हे त्याने मला अर्धा तास थांबून शिकवले. आपणही असे काही बांधावे, या इच्छेने मी भूखंड घ्यायचे ठरवले.

खरेदीचा पहिला प्रयत्न फसला. आपला भूखंड इथेरियम या ब्लॉकचेनवर नोंदला जातो आणि तेथे प्रत्येक व्यवहाराला गॅसची, म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या संगणकीय कामाची, कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागते. साधे नाणे एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पाठवायला २१,००० एकक गॅस लागतो. भूखंडाच्या खरेदीत टोकन (डिजिटल चलन) वळते करणे, मालकी बदलणे, कंपनीचा हिस्सा कापून घेणे अशी कामे एकामागून एक होत असल्याने त्याहून कितीतरी अधिक लागतो. दिलेली मर्यादा अपुरी पडली तर व्यवहार रद्द होतो, पण तोवर खर्ची पडलेल्या गॅसची फी जाते ती जातेच. माझ्या व्यवहारापुढे ‘आउट ऑफ गॅस’ असा शेरा पडला आणि फी वजा झाली. ही फी आपल्या खात्यात गेलेली नाही, हे मला मान्य आहे. परंतु ती मर्यादा मी ठरवलेली नव्हती. आपल्या संकेतस्थळावरील खरेदीच्या बटणानेच तो आकडा वॉलेटमध्ये आधीच भरून दिला होता. चूक आपल्या बाजूची आहे आणि भुर्दंड मला पडला आहे.

दुसऱ्या प्रयत्नात खरेदी पूर्ण झाली, आणि माझी मुख्य तक्रार येथून सुरू होते. एकमेव डिजिटल वस्तूंसाठी असलेल्या ईआरसी-७२१ या मानकानुसार प्रत्येक भूखंडाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्याचा मालक कोण, हे कोणालाही साखळीवर (ब्लॉकचेनवर) पाहता येते. तेथे माझ्या भूखंडापुढे माझ्याच वॉलेटचा पत्ता आहे. मात्र आपल्या खेळात आज अकराव्या दिवशीही त्या जागेवर करड्या रेघांची जाळी आणि ‘विक्रीसाठी उपलब्ध’ अशी पाटी उभी आहे. बांधकामाचे साधन उघडले की ‘आपल्याला परवानगी नाही’ असा संदेश येतो. मी माझ्याच जागेच्या कडेला उभी राहते आणि परत फिरते. याचे कारण इतकेच दिसते, की खेळातील जग थेट साखळीवरून मालकी वाचत नसून कंपनीच्या सर्व्हरवरील नक्कल वाचते, आणि त्या नकलेत माझी नोंद झालेली नाही. ती नोंद दुरुस्त करणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. त्यासाठी ब्लॉकचेनवरील एक अक्षरही बदलावे लागत नाही. ‘जमीन खऱ्या अर्थाने तुमची’ हे आपल्या जाहिरातीतील वाक्य वाचून मी पैसे भरले. प्रत्यक्षात मालकी कागदावर माझी आहे आणि ताबा आपल्याकडे आहे.

तिसरा मुद्दा माझ्यापुरता मिटला असला, तरी नवख्या खेळाडूंच्या दृष्टीने मला तो सर्वांत गंभीर वाटतो. खरेदीपूर्वी वॉलेटने माझी टोकने वापरण्याची परवानगी मागितली. ती भूखंडाच्या किमतीपुरती असेल, असे मी धरून चालले होते. तपशील उघडल्यावर तेथे ७८ अंकी, म्हणजे तेथे भरता येणारी सर्वांत मोठी संख्या दिसली; म्हणजेच परवानगी अमर्याद होती. खरेदी झाल्यावरही ती आपोआप संपत नाही, आणि पुढे आपल्या करारसंहितेत (व्यवहार आपोआप पार पाडणाऱ्या आज्ञावलीत) एखादा दोष निघाला तर खेळाडूची त्या प्रकारची सगळी टोकने एका झटक्यात जाऊ शकतात. मी ती परवानगी रद्द केली, पण त्यासाठीही पुन्हा गॅस फी मोजली. तपशील न उघडणाऱ्या खेळाडूला आपण कोणत्या कागदावर सही करत आहोत, हे कळणारच नाही.

सपोर्ट विभागाच्या ठरावीक उत्तरांबाबत एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. मार्च २०२२ मध्ये ॲक्सी इन्फिनिटी या खेळाच्या रोनिन पुलावरून (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर नाणी नेणाऱ्या यंत्रणेवरून) ६० कोटी डॉलरहून अधिक मूल्याची चोरी झाली. व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या नऊपैकी पाच पडताळणीकर्त्यांच्या गुप्त डिजिटल चाव्या चोरांच्या हाती लागल्या होत्या आणि सहा दिवस ते कोणाच्या लक्षातही आले नाही. एका वापरकर्त्याला आपले पैसे काढता येईनात आणि त्याने तसे कळवले, तेव्हा तो प्रकार उघडकीस आला. खेळाडूची तक्रार माणसाने वाचणे इतके महत्त्वाचे असते.

तरी कृपया माझ्या भूखंडाची नोंद खेळात तात्काळ करून बांधकामाची परवानगी खुली करावी, फसलेल्या व्यवहाराची गॅस फी माझ्या वॉलेटवर जमा करावी आणि यापुढे खरेदीच्या वेळी केवळ किमतीइतकीच परवानगी मागितली जाईल, अशी दुरुस्ती करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक म्हणून उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गाने मला दाद मागावी लागेल. ताबा मिळाला, तर जिन्याचा आराखडा माझ्याकडे तयार आहे आणि मी त्याच दिवशी काम सुरू करेन.

आपली विश्वासू,
एक खेळाडू

सोबत : दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, भूखंडावरील पाटीचे व परवानगीच्या चौकटीचे स्क्रीनशॉट, सपोर्ट विभागाची दोन्ही उत्तरे.