सरासरी कुणाची काढतेस?

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू नियोजन विभागात रुजू झालीस हे आईने एव्हाना अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं आहे. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक गोष्ट घोळते आहे. फोनवर ती नीट सांगता आली नसती, म्हणून कागद घेतला.

मी सांख्यिकी सहायक म्हणून लागलो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. तालुक्यांचे आकडे आले की तक्त्यात भरायचे आणि वर पाठवायचे, हे माझं काम. त्यात एक रकाना होता, 'विद्युतीकरण झालेली गावे'. व्याख्या अशी की गावाच्या शिवारात कुठेही, कशासाठीही वीज वापरात असली की ते गाव विद्युतीकृत. नदीकाठच्या एका गावात एकाच बागायतदाराच्या विहिरीवर मोटार होती, गावठाणात एकही खांब नव्हता. मी त्या गावासमोर 'होय' लिहिलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पुढे एका लग्नाला त्या गावी गेलो. गॅसबत्तीच्या उजेडात पंगत बसली होती. मी सरकारी कचेरीतला म्हणून वाढणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "सायेब, आमच्या लायटीचं कुठवर आलं?" माझ्या कागदावर त्यांची लाइट केव्हाच आली होती. मी काहीतरी पुटपुटलो. ते जेवण अजून आठवतं.

ती व्याख्या १९९७ मध्ये बदलली. २००४ मध्ये ठरलं की गावातल्या निदान दहा टक्के घरांत वीज हवी. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी रकान्यात 'होय'च. कुणीही खोटं लिहिलं नाही, आणि तरीही खरं कागदावर आलं नाही.

हे तुला सांगण्याचं कारण म्हणजे आता व्याख्या ठरते त्या खोलीत तू बसणार आहेस. कुणाला मोजायचं आणि कशाची सरासरी काढायची, हे ठरलं की पैसे कुठे जाणार ते बरंचसं तिथेच ठरतं. भाषणं नंतर होतात.

विदर्भ-मराठवाडा एका मराठी राज्यात यावेत म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराने प्रत्येक भागावर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं वचन दिलं होतं, आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचंही. तीस वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीला ते तपासायला बसावं लागलं. समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणी अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तूट मोजली. १९८४ च्या अहवालात हा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. आपल्याकडे तो अहवाल भांडणासाठी वापरतात, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेव. त्या अनुशेषात विदर्भ-मराठवाड्याबाहेरचा वाटाही एक-तृतीयांशाहून जास्त होता. सातारा-सांगलीकडच्या माण, खटाव, जत, आटपाडीचा माणूसही आपल्याइतकाच पाण्यासाठी आभाळाकडे बघतो. मराठवाड्याची लेक म्हणून तू त्याचं पाणी तोडू नकोस.

दांडेकरांनी जिल्हा हा घटक धरला. मला ते तेव्हाही खटकायचं. अमरावती शहर चांगलं म्हणून मेळघाटाचा आकडा वर येतो, पण धारणी-चिखलदऱ्यातल्या बाईला त्या सरासरीतलं काहीच मिळत नाही. पुढे विजय केळकर समितीने तालुक्यापर्यंत उतरून बघितलं, ते मला फार मोलाचं वाटतं. विदर्भ, मराठवाडा अशा भागांचा अनुशेष बघणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेव्हापासून या प्रश्नावर बोलायला हक्काची जागा राहिली नाही, म्हणून तुझी खुर्ची मला अधिकच महत्त्वाची वाटते.

दरडोई उत्पन्नाच्या आकड्याकडेही जपून बघ. आर्थिक पाहणीत मुंबई वर आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, हिंगोली तळाशी असतात, ते खरंच आहे. पण जिल्ह्याचं उत्पन्न मोजतात ते माल जिथे तयार होतो तिथे. आपल्या भागातला कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, दिवाळीनंतर कारखान्याच्या पट्ट्यात जातो. त्याच्या घामाने तोडलेला ऊस त्या जिल्ह्याच्या खात्यात पडतो, आणि त्याची बंद पडलेली खोपी, शाळेतून सुटलेलं लेकरू आपल्या जिल्ह्यात राहतं. असं लेकरू कोणत्या तक्त्यात येतं, याचा शोध मला नोकरीभर लागला नाही.

आणि निधी. मागास तालुक्याला पैसे दिले एवढ्यावर थांबू नकोस. अभियंत्याचं पद रिकामं, आराखडा करायला माणूस नाही, मग मार्चअखेर निधी समर्पित होतो, म्हणजे न वापरता परत जातो, आणि वरून शेरा येतो की यांना खर्चच करता येत नाही. असे शेरे मी स्वतः टंकलेखकाकडे नेऊन दिले आहेत. खर्च करणारे हात न देता पैसे देणं म्हणजे न दिल्यासारखंच, हे एकदा तरी टिपणीत लिही. साहेबांना आवडलं नाही तरी लिही.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि गोधडी मामाबरोबर पाठवली आहे. मुंबईच्या दमट हवेत डबा उघडा ठेवू नकोस.

आणि हो, तुझ्या टेबलावर जो पहिला तक्ता येईल, त्यात तालुकानिहाय रकाना आहे की जिल्ह्यावरच थांबलेत, ते मला कळव.

तुझे,
बाबा