वाचनालयाच्या गच्चीवर उपग्रहाची चित्रे : पळीभर मदतीचे आवाहन

गावकरी मंडळी आणि कामाधंद्यासाठी सुरत, पुणे, मुंबईला गेलेल्या आपल्या भाऊ-बहिणींना सप्रेम नमस्कार.

आखाजीच्या सुट्टीत गच्चीवर पोरांना उपग्रहांची माहिती सांगत होतो. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, इतकी वर्षं फिरतो, मग त्यात पेट्रोल कोण टाकतं?"

फिरायला त्याला पेट्रोल लागतच नाही. गोफणीतला दगड दोरीच्या ओढीने गोल फिरतो, तशी इथे पृथ्वीची ओढ. आठशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. जळगाव-भुसावळ अंतर तीन-चार सेकंदांत संपते. इंधन लागते ते जागा धरून ठेवायला. १७ फेब्रुवारी २०२४ ला सोडलेला आपला इन्सॅट-३डीएस सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून ढगांवर नजर ठेवतो. चंद्र-सूर्याची ओढ त्याला सरकवत राहते, थोडे थोडे इंधन खर्चून त्याला परत जागेवर आणावे लागते. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास तो रोज पृथ्वीच्या सावलीत शिरतो, कधी सत्तर मिनिटांपर्यंत. तेवढा वेळ ऊन नाही, सगळा भार बॅटरीवर. इंधन संपले की यंत्रे धड असूनही त्याचे काम थांबते.

आपल्या वाचनालयात दान आलेला संगणक असाच थांबला. वस्तू मिळाली, दुरुस्तीला पैसे नव्हते. आज त्यावर चादर आहे, आणि याचे आम्हाला फार वाईट वाटते.

रशियाचे मेटिऑर-एम हे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर ढगांची चित्रे खुली पाठवतात. ॲल्युमिनियमच्या दोन कांड्यांचा अँटेना, छोटा रिसीव्हर आणि लॅपटॉप एवढ्यावर ती घेता येतात. उसन्या रिसीव्हरवर आम्ही करून पाहिले. उपग्रह डोक्यावरून जाताना दहा-बारा मिनिटे मिळतात. पडद्यावर एकेक पट्टी उतरत गेली, खंबातचे आखात दिसले, पोरे ओरडली, आणि लाईट गेली.

म्हणून या वेळी इन्व्हर्टरची बॅटरी आणि तीन वर्षांचा दुरुस्तीखर्च आधीच धरला आहे. एकूण ४२,००० रुपये लागतील. ९,५०० जमले आहेत. कापूस-केळीवाल्या गावातल्या पोरांनी पावसाचे ढग स्वतः उतरवून घ्यावेत, एवढीच इच्छा आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. शके ११२८ च्या तिथल्या शिलालेखात मठाला मिळालेल्या दानांची नोंद आहे. त्यात जमीन आहे, बाजारातला कर आहे, आणि घाण्यामागे पळी-पळी तेलही आहे. आम्ही तेवढेच मागतो. ज्याला जसे जमेल तसे द्या. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप किंवा केबल असेल तर तीही चालेल. वायरिंग जाणणाऱ्याने एक रविवार दिला तर मोठेच काम होईल.

वाचनालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडे असते. बाहेरगावच्यांनी घरच्यांच्या हाती मदत पाठवावी. जमाखर्च दर महिन्याच्या एक तारखेला दारावरच्या फळ्यावर लागेल.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते