लिस्बनहून पत्र : पहिला दिवस

लिस्बन,
मे अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल सकाळी आम्ही सुखरूप येथे पोहोचलो. बाकीची मंडळी अजून झोपलेली आहेत, म्हणून पहिल्या दिवसाचा वृत्तान्त ताजा असतानाच लिहायला बसलो आहे. आयत्या वेळी तुझे येणे रद्द झाले याची हळहळ होतीच. परंतु काल ज्या भागात फिरलो तो पाहताना ती अधिकच वाढली. इमारतींच्या सांगाड्यांची गणिते मांडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने पाहावे असे हे शहर आहे, आणि ते पाहायला आलो आम्ही, ज्यांना तुळई कशाला म्हणतात हेसुद्धा तुझ्यामुळेच कळले.

तू आखून दिलेल्या तक्त्यात पहिल्या दिवशी बेलेम, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडचा प्रसिद्ध मठाचा भाग, होते. ते आम्ही पुढे ढकलले. यावरून विमानतळावरच थोडी वादावादी झाली. तक्ता मोडायला अण्णा तयार नव्हता, बापू नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी बोलत होता, आणि वहिनींनी ‘आधी चहा-कॉफी, मग काय ते ठरवा’ असा निकाल दिला. माझे म्हणणे इतकेच होते की रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या माणसाला नेऊन रांगेत उभे केले, तर त्याला मठ दिसत नाही, रांग तेवढी दिसते. पहिल्या दिवशी मुक्कामापासून पायी जाता येईल तेवढेच गाव पाहावे, या मतावर मी ठाम राहिलो आणि शेवटी तेच झाले.

येथला विमानतळ शहराच्या जवळजवळ पोटातच आहे. उतरताना विमान घरांच्या लाल कौलांवरून इतके खालून जाते की गच्चीत वाळत घातलेले कपडेही दिसतात. भुयारी रेल्वेचे स्थानक विमानतळालाच लागून आहे आणि त्याच्या भिंतींवर पोर्तुगालमधील नामवंतांची व्यंगचित्रे काळ्या-पांढऱ्या दगडात बसवलेली आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड घ्यावे लागते. एकाच कार्डावर चौघांनी जाण्याचा बापूचा बेत तेथेच संपला. तांबड्या मार्गिकेने आलामेदापर्यंत, तेथून हिरव्या मार्गिकेने रोसिऊला, असे आम्ही गावात आलो. खोल्या तीननंतरच मिळणार होत्या, म्हणून सामान ठेवले, तोंडावर पाणी मारले आणि बाहेर पडलो. घड्याळे साडेचार तास मागे घेतली होती, पण पोटांना ते कळवायचे राहून गेले होते.

रोसिऊ चौकापासून नदीपर्यंत जो सपाट भाग आहे त्याला बाइशा म्हणतात. दोन्ही अंगांना टेकड्या आणि त्यांवर वाट फुटेल तशा गेलेल्या गल्ल्या. मध्ये मात्र पट्टीने आखल्यासारखे काटकोनातले रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, सारख्या खिडक्या. रस्त्यांची नावेही धंद्यांवरून पडलेली आहेत : सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, खोगीर करणाऱ्यांचा. एवढी शिस्त एखाद्या जुन्या बंदराला आपसूक येत नाही, हे तुला सांगायला नकोच. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास येथे भूकंप झाला. लोक चर्चमध्ये होते आणि वेदींवर मेणबत्त्या जळत होत्या. जे वाचले त्यांतले पुष्कळजण मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तेव्हा समुद्राची लाट आत आली. आणि जो भाग पाण्यापासून दूर होता तेथे आग कित्येक दिवस धुमसत राहिली. काल आम्ही ज्या फरशीवर कॉफी पीत बसलो, तेथे त्या आठवड्यानंतर उभे असे फारसे काही उरले नव्हते.

पुढचे तुला विशेष रुचेल. राजाचा मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला, त्याने हे काम लष्करी अभियंत्यांकडे सोपवले. त्यांतला ज्येष्ठ मानुएल द माया हा तेव्हा ऐंशीच्या घरात होता. राजदप्तराचा रखवालदारही तोच. त्या धुमाळीत त्याने दप्तर वाचवले आणि मग नगराच्या पुनर्बांधणीचे पर्याय लिहून काढले : होते तसे बांधावे, रस्ते रुंद करून बांधावे, सारे सपाट करून नव्याने आखावे, किंवा राजधानीच बेलेमकडे हलवावी. सपाट करून नव्याने आखण्याचा पर्याय मान्य झाला. येथल्या घरांच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा आहे. उभ्या-आडव्या वाशांमध्ये फुलीसारखे तिरके वासे बसवलेले, आणि मधल्या पोकळीत दगड-चुना भरलेला. त्याला ते ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. हेतू असा की जमीन हलली तर दगडकाम पडले तरी चालेल, पण सांगाडा लवून उभा राहावा आणि माणूस वाचावा. चौकात नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले आणि तो टिकतो का हे पाहिले, असे येथे सांगतात. दोन घरांमधली भिंत छपराच्याही वर नेलेली असते, कारण आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये. ही भिंत रस्त्यावरून दिसते. मी ती अण्णाला दाखवली, तेव्हा कुठे तो तक्ता विसरला.

त्याच मंत्र्याने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली होती. धक्का किती वेळ टिकला, पाणी आधी ओसरले की आधी चढले, किती माणसे दगावली, हे सारे त्यात विचारले होते. देवाचा कोप म्हणून हात जोडून बसण्याच्या काळात कोणी तरी अशी मोजदाद मागितली, याचे मला त्या सरळ रस्त्यांहूनही अधिक कौतुक वाटले. हा मंत्री पुढे अतिशय निर्दयपणे वागला, हेही खरे.

रोसिऊच्या कोपऱ्यावर सांव दोमिंगोसचे चर्च आहे. बाहेरून साधे, म्हणून आम्ही जवळजवळ पुढे निघून गेलो होतो; वहिनी सावलीसाठी आत शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. हे चर्च 1755 च्या भूकंपात मोडले, पुन्हा बांधले, आणि 1959 साली आगीत आतून जळून गेले. डागडुजी करताना छत नव्याने केले, परंतु जळक्या खुणा पुसल्या नाहीत. खांबांचे दगड उष्णतेने तडकून त्यांचे पापुद्रे गेले आहेत. एका खांबाजवळ उभा राहून मी पाहिले, तर कडा गोल झालेल्या, मधूनच मूठभर दगड निघून खळगा पडलेला, आणि त्या खळग्यात काळपट गुलाबी रंग. वर मात्र छताला केशरी-तांबडा रंग दिलेला आहे. बापूलासुद्धा तेथे बोलावेसे वाटले नाही. चर्चसमोरच्या चौकात 1506 साली झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचे स्मारक आहे. त्या हत्याकांडाची सुरुवात याच चर्चमध्ये झाली होती. त्या स्मारकापासून हाकेच्या अंतरावर चेरीच्या मद्याच्या एका जुन्या दुकानापुढे लोक छोटे पेले हातात घेऊन हसत उभे होते.

जेवणाविषयी थोडक्यात लिहितो. बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतात. ते फुकट नसते, नको असल्यास तसे सांगून परत करता येते. अण्णाने ते पाहुणचार समजून संपवले आणि बिल येईपर्यंत येथल्या लोकांची स्तुती करीत राहिला. वहिनींनी मागवलेल्या हिरव्या पालेभाजीच्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते, हे मला ठाऊक होते म्हणून ती घालू नका असे आधीच सांगितले. कॉफी छोटी, कडक आणि उत्तम.

दुपारी खोल्या मिळाल्या, पण झोपायचे नाही असा निश्चय असल्याने आम्ही कार्मूच्या टेकडीवर चढून गेलो. येथल्या पदपथांवर चुनखडीचे छोटे चौकोनी दगड बसवतात, पांढरे आणि मधूनमधून काळ्या दगडांची नक्षी. चढावर एके ठिकाणी कारागीर काम करीत होता : दगड तळहातावर घेऊन हातोडीने त्याची एक बाजू उडवायची, वाळूत टेकवायचा, ठोकायचा, पुढचा घ्यायचा. ना सुतळी, ना माप. हे दगड पावलांनी झिजून गुळगुळीत होतात, तेव्हा यायचे झाल्यास रबरी तळव्यांचे बूट आण. चामडी तळव्यांच्या हौसेपायी बापू उतारावर माझा दंड धरून चालत होता.

कार्मूचा मठ 1389 साली स्थापन झाला. त्याचे छप्पर भूकंपात कोसळले आणि ते पुन्हा पूर्ण केलेच नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून सरळ आकाश दिसते. आत पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. समोरच्या छोट्या चौकात जॅकरांडाची झाडे ऐन फुलोऱ्यात होती आणि बाकांवर जांभळ्या पाकळ्यांचा थर साचला होता. 25 एप्रिल 1974 रोजी याच चौकातल्या शिबंदीच्या कचेरीत हुकूमशाही राजवटीचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो आश्रयाला आला होता; साल्गेइरू माया नावाच्या तरुण कप्तानाने बाहेर चिलखती गाड्या उभ्या केल्या आणि संध्याकाळपर्यंत कायतानोने सत्ता सोडली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुले खोवली, तो हाच दिवस.

संध्याकाळी नदीकाठच्या भव्य चौकात आलो. भूकंपापूर्वी येथे राजवाडा होता आणि त्याच्या आवारातच ‘कासा द इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी होती. मिरी आणि दालचिनीचे हिशेब जेथे लिहिले जात, त्या कचेरीचे दप्तर त्या नोव्हेंबरात नष्ट झाले. चौकाच्या मधोमध जोझे राजाचा अश्वारूढ पुतळा आहे. गंमत अशी की या राजाला भूकंपानंतर दगडी भिंतींची इतकी धास्ती बसली की तो पुढे टेकडीवरच्या लाकडी वाड्यातच राहिला. पावणेनऊपर्यंत उजेड होता, आणि तोवर जागे राहण्याची पैज आम्ही कशीबशी जिंकली.

आता कामाचे. बाइशातल्या एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन झालेले आहे. तेथे रोमन काळातली मासे खारवण्याची टाकी दिसतात आणि पोंबालच्या इमारती ज्यांवर उभ्या आहेत ते पाइन लाकडाचे खुंटही. वाटाड्याबरोबर गटागटाने आत सोडतात, त्यासाठी आम्ही नावे देणार आहोत. हे खुंट भूजलात बुडालेले राहिले तर कुजत नाहीत असे वाचले. मग आसपास भुयारी रेल्वे आणि तळघरे झाल्यावर पाण्याची पातळी खाली गेली तर काय होईल? वरच्या जुन्या घरांत मालकांनी दुकानांसाठी मधल्या भिंती काढल्या, तर त्या पिंजऱ्याचे काय उरते? आणखी काय विचारावे तेही कळव. आमच्या हातून नुसते ‘छान आहे’ एवढेच निघेल, म्हणून प्रश्न तुझेच हवेत. उत्तर शक्यतो उद्या रात्रीपर्यंत पाठव.

बापू, वहिनी आणि अण्णा यांचा नमस्कार. घरी सर्वांना माझा सांग.

तुझा,
जुना मित्र